इयत्ता पहिली, थेट प्रक्षेपण

शिक्षणाचा खरा शत्रू फळा आहे, याबद्दल आता जाणकारांत मतभेद उरलेले नाहीत. फळ्याचा मुख्य दोष असा की तो हलत नाही. त्यावर 'क' काढला की तो 'क' तासभर तिथेच राहतो. फिरत नाही, उड्या मारत नाही, रंग बदलत नाही, मध्येच फुटून त्यातून चांदण्या बाहेर पडत नाहीत. अशा निश्चल अक्षराकडे मुलाने किती वेळ पाहायचे? (पूर्वीची मुले पाहत असत. परंतु पूर्वीच्या मुलांपुढे पर्याय नव्हता, आणि त्यांतली बरीचशी पुढे शिक्षण खात्यात लागली, यावरून फळ्याचे दुष्परिणाम ध्यानात यावेत.)

मिठपाड्याची शाळा अगदी परवापर्यंत या अंधारात होती. पनवेल तालुक्यात गव्हाण सोडून जासईच्या दिशेने निघाले की कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागते. त्या रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला मिठपाडा आणि दुसऱ्या अंगाला उरलेले जग. शाळेला खोल्या दोन. एकीत पहिली ते चौथी बसते, दुसरीत पोषण आहाराचा तांदूळ. शिक्षकांची मंजूर पदे दोन. एका पदावर आशालताबाई आहेत आणि दुसऱ्यावर 'रिक्त' आहेत. (श्री. रिक्त गेली काही वर्षे एकही रजा न घेता काम पाहत आहेत.)

शाळेचा पट वीस. हा आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण आशालताबाई तो झोपेतही धरून असत. विसाचे एकोणीस झाले की शाळेचे 'समायोजन' होते. म्हणजे ती रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विरघळवतात आणि मुलांनी रोज सकाळी ट्रेलरांच्या मधून तिकडे जायचे असते. बाई एकदा सगळ्या मुलांना घेऊन तो रस्ता ओलांडून आल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी डोकी मोजली, मग पुन्हा मोजली, पाणी प्यायल्या आणि तिसऱ्यांदा मोजली. त्या दिवसापासून त्यांचे शैक्षणिक उद्दिष्ट फार सुटसुटीत झाले होते. वीस.

विसावे डोके प्रांजल कोळीचे. पहिलीतली ही मुलगी जूनपासून शाळेत येत होती, डबा खात होती, अक्षरांकडे टक लावून बघत होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. तिची आजी गंगाबाई करंजाच्या बंदरावरून मासळी उचलून खारघरच्या टॉवरांत विकते. घरात शब्द तिचा चालतो. एका सकाळी मासळीची रिकामी पाटी शाळेच्या ओट्यावर ठेवून तिने बाईंना सांगितले,

"बाई, पोरगी जून धरून बसलेय तुमच्याकडं. गनपतीच्या आदी तिनं मला वाचून दाखवला तर र्‍हाईल. नायतर उलव्याच्या इंग्लिश शालेची पिवली गाडी दारात यायला तयार हाय."

"वाचेल, गंगाबाई. सावकाश आहे, पण पक्की आहे."

"मासली सावकास इकली तर नासते, बाई," असे म्हणून गंगाबाई पाटी उचलून चालू लागली.

सामानाचे आगमन

नेमक्या याच सुमारास क्रांती झाली.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष काशिराम घरत हे गावातले मोठे प्रस्थ. जमीन गेली, पैसे आले, आणि त्यातून त्यांनी 'मिठपाडा चषक' ही टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा उभी केली. दिवाळीनंतर मैदान सुकले की आसपासच्या गावांचे संघ येतात, मोठा पडदा लागतो, सामने मोबाइलवर थेट दिसतात, झेलाबद्दल वाद झाला की तिसरा पंच चित्रफीत मागे नेऊन निकाल देतो आणि प्रत्येक षटकारामागे भोंगा वाजतो. पावसाळ्यात मात्र मैदानात गुडघाभर पाणी आणि सगळे सामान काशिरामांच्या गोदामात.

"बुरशी धरण्यापरास पोरांच्या कामी येऊ दे," काशिराम म्हणाले. वरच्या कार्यालयातून 'दृक्‌श्राव्य साधनांचा प्रभावी वापर' करण्याविषयी पत्रावर पत्र येतच होते. बाईंना नाही म्हणायला कारणच नव्हते. शाळेत पुढील साहित्य दाखल झाले : पडदा एक (फळ्यापेक्षा दोन हात रुंद), कॅमेरे तीन, भोंगा एक, गुणफलक दाखवणारा संगणक एक, आणि परेश.

परेश हा काशिरामांचा पुतण्या. त्याला सामानात धरले आहे, कारण तो टेंपोतून सामानाबरोबरच उतरला. समालोचनात त्याचा हात धरणारा उरणपर्यंत नाही. चेंडू हवेत असताना तो जे बोलतो ते चेंडू खाली आल्यावरही संपलेले नसते.

पडदा फळ्याच्या अंगावर सहा बोल्टांनी ठोकला. फळा काढावा लागला नाही. तो मागे आहे.

आता एकच किरकोळ अडचण होती. संगणकाला शिकवणे माहीत नव्हते. त्याला क्रिकेट माहीत होते. संगणक आणि शाळा यांपैकी कुणीतरी बदलणे भाग होते, आणि संगणक बदलायला खर्च येतो.

खेळाचे नियम (इयत्ता पहिली)

मूल हा फलंदाज. बाई गोलंदाज. प्रश्न म्हणजे चेंडू.

उत्तर बरोबर आले तर चौकार. पूर्ण वाक्यात आले तर षटकार आणि भोंगा.

उत्तर चुकले तर पडद्यावर यष्ट्या उडतात, त्यांना आग लागते, आणि भोंगा. (हा भोंगा वेगळा आहे. याने तांदळातली घूस पळाली ती परत आलेली नाही. या लाभाची नोंद कुणीच घेतलेली नाही.)

मूल गप्प बसले तर निर्धाव चेंडू.

सहा प्रश्नांचे एक षटक. दोन षटकांच्या मध्ये जाहिरात. त्यामुळे 'ब' आणि 'भ' यांच्यामध्ये हळदी समारंभाच्या मंडपवाल्याची जाहिरात येते, आणि मिठपाड्यातली पहिलीची मुले आजही मुळाक्षरे त्याच क्रमाने म्हणतात.

या पद्धतीचे फायदे तत्काळ दिसून आले. पूर्वी मूल चुकले की ते फक्त बाईंना कळत असे, आणि बाई ते कुणाला सांगत नसत. आता थेट प्रक्षेपणामुळे ते एकाच वेळी दोन हजार चारशे लोकांना कळू लागले, आणि ज्यांना नीट कळले नाही त्यांच्यासाठी संथ गतीत पुन्हा दाखवण्याची सोय होती. सात अधिक पाच किती, या प्रश्नावर चौथीतल्या एका मुलाने नाकात घातलेले बोट तीन कोनांतून पाहण्यात आले. बोट बाहेर येईपर्यंत परेश म्हणत होता, "विचार करतोय... विचार खोल जातोय..."

पहिल्या आठवड्याअखेरची स्थिती :

आशालताबाई : षटके २२, बळी ३१.
प्रांजल कोळी : धावा ०, नाबाद. खेळलेले सर्व चेंडू निर्धाव.

एकतीस बळी म्हणजे एकतीस वेळा मुलांना उत्तर आले नाही. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सर्वाधिक बळी घेणाऱ्या गोलंदाजाला मिक्सर असतो. तो काशिरामांनी शनिवारी टाळ्यांच्या गजरात बाईंना दिला. आपल्याकडे मुलांना काही येत नसल्याबद्दल शिक्षकाचा जाहीर सत्कार होण्याची ही पहिलीच वेळ असावी. बाईंनी तो घरी नेऊन माळ्यावर ठेवला. त्यात त्यांना चटणी करवेना.

प्रेक्षकांविषयी

दोन हजार चारशे प्रेक्षक कोण, हा प्रश्न बाईंना पडला, कारण मिठपाड्याची लोकसंख्या त्याच्या निम्मीही नाही. परेशने चौकशी करून सांगितले की बहुतेक मंडळी खारघर, उलवे आणि पनवेलची, काही पुण्याची, काही आखातातली आणि दोघे जहाजावरचे. ही मंडळी सकाळी कामाला लागण्याआधी मिठपाड्याची पहिली पाहतात. त्यांना बरे वाटते. प्रक्षेपणाखाली ते अभिप्राय लिहितात :

'किती निरागस. डोळे भरून आले.'

'मराठी शाळा हा आपला श्वास आहे. या टिकल्याच पाहिजेत.'

'बाईंचा यॉर्कर भारी.'

'टिकल्याच पाहिजेत' हे वाक्य सर्वांत जास्त वेळा लिहिणाऱ्या खारघरच्या भाविका मॅडम. बाविसाव्या मजल्यावर राहतात. मराठीवर त्यांचे इतके प्रेम की आपला मुलगा अपूर्व याला त्यांनी शनिवारी मिठपाड्याला पाठवायला सुरुवात केली. त्याच्या इंटरनॅशनल शाळेला शनिवारी सुट्टी असते आणि ग्रामीण अनुभवाचे तिथे वेगळे गुण मिळतात. काशिराम हरखले. टेनिस बॉलच्या स्पर्धेत प्रत्येक संघ बाहेरून एक नावाजलेला खेळाडू आणतो, त्याला आयकॉन म्हणतात. अपूर्व हा जिल्ह्यातला पहिला आयकॉन विद्यार्थी ठरला. राजधान्या, ग्रह, डायनासोर, सगळ्यांवर षटकार. फक्त पडद्यावर 'घर' हा शब्द आला तेव्हा तो खिशात हात घालून शांतपणे म्हणाला, "आय कान्ट रीड धिस वन." संगणकाला वाक्य पूर्ण वाटले. त्याने सहा धावा दिल्या.

काशिरामांची तर पुढची योजना तयार होती. "प्रांजल गेली तर जाऊ दे, बाई. तिच्या जागी ह्याला पटावर घ्यायचा. आपला वीसचा वीस." त्यांनी नाव भरूनही पाहिले. वरच्या कार्यालयाच्या संगणकाने ते स्वीकारले नाही. हा खेळाडू अगोदरच दुसऱ्या संघाकडून खेळत आहे, अशा अर्थाचा लाल मजकूर आला.

म्हणजे पुन्हा सगळे प्रांजलवर आले.

व्यत्यय

परेश माणूस असल्यामुळे त्याला चहा लागतो. टपरी रस्त्यालगत. जाताना तो प्रक्षेपण बंद करत नसे, कारण बंद केले की प्रेक्षक पांगतात. स्पर्धेच्या काळात पाऊस आला की लावायची एक पाटी संगणकात होती, तीच तो लावून जाई. निळ्या रंगावर पांढरी, हातभर उंचीची अक्षरे :

पावसामुळे खेळ थांबला आहे.
कृपया वाट पाहा.

ही पाटी लावली की कॅमेरे आणि माइक आपोआप बंद होतात. दोन हजार चारशे लोकांना फक्त पाटी दिसते. भोंगा मुका होतो. वर्गातल्या त्या मोठ्या पडद्यावरही पाटीच असते, आणि ती हलत नाही.

त्या दिवशी ऊन पडलेले होते. परेश गेला, पाटी लागली, मोठी मुले पाणी प्यायला पळाली. आशालताबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. गणपती आठवड्यावर आलेले, प्रांजलचे शून्य नाबाद, आणि डोक्यात मंडपवाल्याचे गाणे. मागून कुणीतरी पुटपुटल्यासारखे ऐकू आले.

"पा... व... सा..."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांना एवढी अक्कल होती.

"...मु... ळे. पावसामुळे." रस्त्यावरून एक ट्रेलर गेला, खिडकी थरथरली. "खे... ळ. खेळ. थां... ब..." इथे ती अडली. भोंग्याची वाट पाहिली. भोंगा आला नाही. "...ला. थांबला. आ... हे."

प्रांजल गेले कितीतरी दिवस रोज ही पाटी वाचत होती. पडद्यावर बाकी सारे उडत, फुटत, फिरत असे. हे एकच असे होते की जे ती पोचेपर्यंत थांबत होते.

बाईंनी अगदी हळू विचारले, "आणि खालची ओळ?"

"खालची उद्या वाचीन," प्रांजल म्हणाली. जूनपासून बाईंशी बोललेले तिचे हे पहिले वाक्य. पूर्ण वाक्य होते. संगणकाच्या हिशेबाने षटकार. पण संगणक पाहत नव्हता.

तिसऱ्या पंचाकडे

बाईंनी ही गोष्ट आनंदाने काशिरामांना सांगितली. इथे त्यांची चूक झाली.

काशिरामांनी प्रकरण रीतसर तिसऱ्या पंचाकडे सोपवले. तिसरे पंच तेच. ते तांदळाच्या खोलीत पोत्यावर बसून छोट्या पडद्यावर निकाल देत. (त्यांचा निष्पक्षपणा वादातीत आहे. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला धावबाद दिले आणि त्यानंतर वर्षभर सासुरवाडीला पाणी मागितले नाही.) परेशने चित्रफीत मागे नेली. दिसली ती निळी पाटी. पुढे नेली. पाटी. संथ गतीत पाहिली. पाटी संथ गतीतही तशीच दिसते.

"बाई, ह्याच्यात पोरगी खय हाय?"

"कॅमेरा बंद होता ना काशिरामशेठ. म्हणून तर वाचली ती."

"दिसला नाय, तर झाला नाय," काशिराम म्हणाले. "उद्या माज्यावर कोन बोट उचलंल तर मी काय दाखवू? पाटी?"

मग रीतसर फेरचाचणी झाली. तीन कॅमेरे प्रांजलवर, परेश उभा, माइक तिच्या हनुवटीखाली, पडद्यावर गोल गोल फिरणारा 'प'. "आणि संपूर्ण मिठपाड्याचं लक्ष आता या चिमुरडीकडे..." परेशने सुरुवात केली. प्रांजलने आपल्या पायांकडे पाहिले. निर्धाव. निर्धाव. निर्धाव.

बाईंनी पाटी लावून वाचायला द्या अशी विनंती केली. ती मान्य झाली. पाटी लावताच नियमाप्रमाणे कॅमेरे बंद पडले. कॅमेरे चालू करताच नियमाप्रमाणे पाटी गेली. हा खेळ बराच वेळ चालला. मूल वाचते तेव्हा दिसत नाही आणि दिसते तेव्हा वाचत नाही, असा शास्त्रीय निष्कर्ष निघाला. पंचांनी निकाल दिला : सिद्ध नाही.

आशालताबाईंनी मग जुन्या, अप्रगत काळातला एक मार्ग वापरला. त्या संध्याकाळी कोळीवाड्यात चालत गेल्या आणि गंगाबाईला म्हणाल्या, "उद्या तुम्ही स्वतः या. डोळ्यांनी बघा."

"मोबाइलवर बगते की मी रोज. खारघरात मॅडमच्या दारात मासली सोलता सोलता. निलं निलं कायतरी असतं."

"तेच. ते निळं काय आहे ते तुमची नात वाचते."

गंगाबाईने कोयता पुसला. "परवा गनपती. उद्याच येते. पन उद्या नाय वाचला तर मग मला बोल लावायचा नाय."

*(इथे जाहिरात होती. ती काढून टाकली आहे. वाचकाला सवय नसेल तर तेवढीच जागा मोकळी वाटेल.)*

सुधारणा

दुसऱ्या दिवशी गंगाबाई आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून मागच्या भिंतीला टेकून बसली. बाईंनी परेशला चहाचे पैसे दिले आणि लवकर जा म्हणाल्या.

परेशने बटण दाबले, आणि जुनी पाटी आलीच नाही.

व्यत्ययाच्या पाटीबद्दल प्रेक्षकांच्या फार तक्रारी आल्या होत्या. कंटाळवाणी आहे, तेच तेच दिसते, लहान मुलांच्या दृष्टीने आकर्षक नाही. परेश रात्रभर झटला होता. आता पाटीवर पाऊस पडत होता. प्रत्येक थेंबाबरोबर एक अक्षर टुणकन उडत होते, 'पावसामुळे'मधून बेडूक बाहेर येत होता, 'वाट पाहा' कोपऱ्याकोपऱ्यांतून धावत होते, आणि या सगळ्यावरून मंडपवाल्याची पट्टी सरकत होती.

प्रांजलने पाहिले. तिचे ओठ हलले आणि ज्या अक्षरासाठी हलले ते अक्षर तोवर निघून गेले होते. तिने पुन्हा पायांकडे पाहिले.

मागून गंगाबाईचा आवाज आला. "पिवली गाडी साडेसातला येते, बाई."

यानंतर आशालताबाईंनी जे केले त्याचे समर्थन या लेखनात कुठेही केलेले नाही, याची नोंद घ्यावी. त्या खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी प्लग उपटला.

पडदा काळा झाला. पंखाही गेला, कारण दोन्ही एकाच प्लगवर होते. वर्गात इतकी शांतता झाली की चौथीच्या मुलांना वाटले परीक्षा आहे. बाईंनी टेबलाचा खण उपसून खडू शोधला. फळा पडद्यामागे होता. म्हणून त्यांनी तांदळाच्या खोलीच्या हिरव्या दारावर लिहिले : पावसामुळे खेळ थांबला आहे.

प्रांजलने सावकाश, एकही अक्षर न सोडता वाचले. खालची ओळ दारावर नव्हती, तीही म्हटली.

गंगाबाई हुशार बाई. तिला कुणी शिळा बोंबील ताजा म्हणून देऊ शकत नाही. "ह्ये पाठ झालं असंल. रोज बगते ती. दुसरा कायतरी लिवा."

बाईंनी खडू पुन्हा उचलला. मग त्यांनी खाली चार अक्षरे लिहिली.

"गं," प्रांजल म्हणाली. "गा... बा..." आणि मग वळून आजीकडे बघत, जरा रागावूनच, "ई. आजी, ह्यो तर तू हायस."

गंगाबाई उठून दारापाशी आली. दारावर आपण काय आहोत ते तिने निरखून पाहिले. अक्षरांना न लावता त्यावरून बोट फिरवले.

"एवडाच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या.

"मग जून धरून काय करत व्हता?"

गंगाबाईने पाटी डोक्यावर घेतली. जाता जाता म्हणाली, "गाडीवाल्याला नको सांगते. ता दार पुसू नका." पट वीस राहिला.

कार्यालयीन कार्यवाही

त्या सकाळी दोन हजार चारशे सतरा प्रेक्षकांना काळा पडदा दिसला. त्यांचे किती नुकसान झाले याची आपण कल्पना करू शकतो. कित्येकांचा चहा नुसताच प्यायला गेला. संतापाचे अभिप्राय आले. 'शिक्षणाचा खेळखंडोबा थांबवा.' 'अशा शिक्षकांमुळेच मराठी शाळा बंद पडतात.' भाविका मॅडमनी तर थेट वर तक्रार केली.

गणपतींचे विसर्जन होताच बाईंना नोटीस आली. तिच्यात म्हटले होते :

'आपण वर्गात सुरू असलेले शिक्षण कोणतीही पूर्वपरवानगी न घेता बंद पाडून त्या वेळेत विद्यार्थ्यांना शिकवत असल्याचे निदर्शनास आले आहे. तसेच शाळेच्या दरवाजाचे खडूने विद्रूपीकरण केल्याचे दिसते. याबाबत आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तत्काळ सादर करावा.'

बाईंनी खुलासा एका शब्दात पाठवला. 'पावसामुळे.'

तो ग्राह्य धरण्यात आला. पावसामुळे हे कारण आपल्या कार्यालयांत आजवर कधीही फेटाळले गेलेले नाही.

काशिरामही मनाने वाईट नाहीत. त्यांनी पंच म्हणून आपला निकाल बदलला नाही, परंतु परेशला बेडूक काढून टाकायला सांगितले. जुनी पाटी परत आली. तिच्यावरचा मजकूर आता आशालताबाई रोज बदलून देतात आणि परेशला त्या रोज चार चहा पाजतात. एवढ्या चहाने त्याचे पित्त वाढले आहे. पहिलीची सगळी मुले वाचू लागली आहेत. वरच्या कार्यालयाने या यशाची पाहणी करून अहवाल दिला. त्यात सर्व श्रेय दृक्‌श्राव्य साधनांच्या प्रभावी वापराला देण्यात आले असून पुढील वर्षी पडद्याची रुंदी वाढवण्याची शिफारस आहे.

हिरवे दार तसेच आहे. काशिराम तांदळाच्या खोलीत शिरताना ते दार कोपराने ढकलतात. अक्षरांना हात लागू देत नाहीत.

सामन्यानंतर

परवा गंगाबाई बाविसाव्या मजल्यावर सुरमई घेऊन गेली. भाविका मॅडम मोबाइल घेऊन दारातच उभ्या होत्या. पडद्यावर प्रांजल काहीतरी वाचत होती. हल्ली ती कॅमेऱ्यापुढेही वाचते, भोंगा वाजला तर त्याच्याकडे रागाने बघते.

"काय गोड वाचते हो तुमची नात. खरंच सांगते गंगाबाई, या शाळा टिकल्याच पाहिजेत."

"व्हय," गंगाबाई म्हणाली. कोयत्याने तिने माशाचे डोके वेगळे केले. "पोरगा तुमचा कंच्या शालेत?"

मॅडमनी मोबाइल खाली घेतला.

"तुकडे जरा बारीक करा हं."

गंगाबाईने तुकडे बारीक केले. ती उत्तरासाठी थांबली नाही, पुढच्या दारात गेली. पण प्रश्न संपलेला नाही. इथवर आलेल्या, मधूनमधून हसलेल्या आणि मिठपाड्याची शाळा टिकली म्हणून मनातल्या मनात बरे वाटलेल्या प्रत्येकासाठी तो खाली ठेवला आहे. अक्षरे हलणार नाहीत. कॅमेरे बंद आहेत. परेश चहाला गेला आहे. भोंगा वाजणार नाही. सावकाश वाचावे.

पोरगा तुमचा कंच्या शालेत?

आधी उत्तर द्या. तुकडे बारीक हवेत की मोठे, ते मागाहून सांगा.